गुणाबाईची भिंत कुणी खाल्ली

हे घडलं दोन हजार बावीस साली. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या आळीतलं शेवटून दुसरं घर सिमेंटचं झालं आणि कुडाची भिंत म्हणून एकच उरली, ती गुणाबाईची. टोकावड्याहून वैशाखऱ्याकडं जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. पूर्वी इथं सगळी घरं कारवीच्या कुडाची असत. दिवाळीआधी बाया ओढ्यावर जाऊन तांबडी माती आणायच्या, शेण आणि भाताचा कोंडा घालून पायांनी तुडवायच्या, आणि चार दिवस सगळ्या आळीला ओल्या मातीचा वास यायचा. आता सिमेंटला कसला वास?

गणपती गेले होते. भात पोटरीला आलं होतं आणि उत्तरा नक्षत्राचा पाऊस तिरका येऊन घरांच्या पाठी भिजवत होता. अशा एका सकाळी गुणाबाई बोळात उभी राहून ओरडत होती. बोळ म्हणजे तिच्या आणि सकुबाईच्या घरामधली माणूसभर रुंदीची जागा.

"सके! ए सके! भाइर ये. तुझ्या कोंबड्यांनी माझी भिंत टोकरली."

सकुबाई हातातला चहाचा कप घेऊनच बाहेर आली. तिच्या हातात कप नाही असं मी तिला क्वचितच पाहिलं आहे.

"माझ्या कोंबड्यांना घरात दाणं हायेत. त्या क्याला तुझी भिंत खातील?"

"मंग ह्ये भगदाड कुनी पाडलं? तुझ्या नवऱ्यानं?"

भगदाड खरंच होतं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, बाजरीच्या भाकरीएवढं. वरची माती गेली होती आणि आतल्या कारवीच्या काटक्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या.

सकुबाईचा नवरा महिपत आला, त्यानं भोकात बोट घालून पाहिलं आणि निकाल दिला, "घूस हाय."

"घूस खालून उकरती," गुणाबाईचा नवरा कान्हा ओट्यावरून म्हणाला. "कंबरेपाशी उबं ऱ्हाऊन खानारी घूस मी नाय बगितली."

"आता समद्यांच्या सवयी बदलल्यात," महिपत म्हणाला.

त्यानं सापळा आणला, त्यात सुका बोंबील लावला आणि भोकासमोर विटांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सापळ्यात त्याचंच मांजर सापडलं. मांजराच्या तोंडाला माती नव्हती, त्यामुळं त्याला सोडून दिलं. भोक मात्र वाढलं होतं.

मग गुणाबाई हट्टाला पेटली. तिनं माळ्यावरचं जुनं इरलं काढलं, ते डोक्यावर घेतलं आणि बोळाच्या तोंडाशी लाकडाच्या ढिगाआड बसली. मलाही बोलावलं. "वयनी, साक्षीला चला. नायतर सकी म्हनंल मीच उकरलं." आम्ही दोघी म्हाताऱ्या एका इरल्याखाली कोंबड्यांसारख्या अंग चोरून बसलो.

शाळा सुटायची वेळ झाली. पाठीला दप्तर लावलेली प्रियांका बोळात शिरली. सकुबाईची नात, दुसरीतली पोर. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग भिंतीला नाक लावलं आणि डोळे मिटून असा वास घेतला, जसा आपण नव्या तांदळाच्या भाताचा घेतो. नखानं एक ढेकूळ सोडवलं आणि खोबऱ्याचा तुकडा चावावा तसं कुरुमकुरुम खाल्लं. दुसरं घेतलं.

गुणाबाईला ओरडायचं सुचेना. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "वयनी, पोर माझी भिंत खाती." मग भान आलं आणि आख्खी आळी जमली.

सकुबाईनं पोरीचा दंड धरला. "तुला घरात खायाला नाय का गो? लोक काय म्हनतील?"

प्रियांका रडत म्हणाली, "आपल्या घरात मातीच नाय ना, आजी. आपली भिंत दातांना लागते."

म्हणजे पोरीनं सिमेंटही चाखून पाहिलं होतं.

"तू भितीत काय कालवलंस ते सांग, गुणे," सकुबाई आता उलटी फिरली. "पोर तुझ्याच भितीला का येती?"

"काय कालवनार? वड्याची माती, श्यान आन कोंडा. सासूनं शिकवलं तसं. पन मळायची कशी ते ठावं पायजे. मी चार दिस भिजवती. तवा कुठं ती लोन्यावानी व्हती." गुणाबाईचा राग बोलता बोलता कमी झाला आणि मान थोडी ताठ झाली. मग आठवण होऊन ती परत ओरडली, "पन म्हनून काय खायाची?"

माती खाणं मला नवीन नव्हतं. माझी एक मावशी पोटुशी असताना चुलीची भाजकी माती खायची, आणि सगळे म्हणायचे, डोहाळे आहेत. पण सात वर्षांच्या पोरीला कसले डोहाळे?

पोर तशी सुकत चालली होतीच. शाळेची छोटी चढण चढली की मध्ये दगडावर बसायची. पोरी लंगडी खेळत तेव्हा ही कडेला त्यांच्या चपला सांभाळायची. तिचा रंग केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा पिवळट पांढरा झाला होता. तिची आई अनिता दोनदा सासूला म्हणाली होती, "आत्या, डॉक्टरला दाखवू या."

"काय दाखवायचं? पोर उजळली," सकुबाई म्हणायची. "माझ्या माहेरच्या रंगावर गेली. गोरी झाली म्हनून कुनी दवाखान्यात नेतं का?"

अनिताचा नवरा साईनाथ कल्याणला कंपनीत, आठवड्यानं घरी येणारा. घरात शब्द सासूचा. त्यामुळं पोर गोरी होत राहिली.

त्याच दिवसांत गिरजा आली. गिरजा आमच्या गावची आशाताई. ती दारोदार सांगत गेली, "परवा शाळेत तपासणी हाय. पोरांना न्हायाला घाला, पाठवा. रक्त कमी हाय का त्ये बगनार."

पण गिरजाच्या आधी दुसऱ्या गावाहून बातमी आली होती. तिथं डॉक्टर मॅडम पोरांची खालची पापणी ओढून बघतात. आतून लाल असली तर ठीक. पांढरी निघाली तर सगळ्यांदेखत आईला विचारतात, पोराला जेवायला काय देता?

या एका प्रश्नानं गावातल्या बायांची झोप उडाली. घरात सिमेंट आलं, फ्रीज आला, आणि आता पोराची पापणी ओढून कुणी म्हणावं की यांच्या घरी खायला नाही? युक्ती कुणाची ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. मी एवढंच सांगते की तपासणीच्या सकाळी सकुबाईच्या दारात कांद्याची सालं पडली होती, आणि थोड्या वेळानं प्रत्येक दारात पडली होती. कांदा चिरायचा, बोट फिरवायचं, आणि पोराच्या खालच्या पापणीला हळूच पुसायचं. पापणी अशी लाल होते की बघत राहावं.

शाळेच्या व्हरांड्यात पोरांची रांग लागली. सगळी पोरं घळाघळा रडत होती. डोळे गुंजेसारखे लाल, नाकं गळत होती, बाह्या ओल्या. मॅडमनी पहिल्या पोराची पापणी ओढली. दुसऱ्याची ओढली. तिसऱ्याला हातच लावला नाही.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गावाचे डोळे आलेत!"

गिरजा हुंगत होती. "मॅडम, मला कांद्याचा वास येतो."

"आज खिचडी असेल," मॅडम म्हणाल्या आणि हाताला सॅनिटायझर चोळू लागल्या.

झालं. डोळ्यांच्या साथीची वर्दी गेली. शाळा बंद झाली. घरोघर डोळ्यांत घालायच्या बाटल्या वाटल्या. बोटाला टोचून रक्त बघायचं यंत्र डब्यातून बाहेरसुद्धा निघालं नाही. बाया खूश. आठवडाभर गावात कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं, कारण साथ लागते. ज्यांनी स्वतःच्या हातानं कांदा लावला होता त्याही पदर पुढं ओढून चालत होत्या.

शाळा बंद म्हणजे प्रियांकाला दिवसभर भिंत मोकळी. पाऊस पडून ती भिजलेली, वास सुटलेला. गुणाबाईनं भोकावर पत्रा ठोकला, तर पोरीनं पत्र्याच्या कडेनं खाल्लं. पत्रा गळून पडला. भोक आरपार झालं. कान्हाची खाट त्या भिंतीला लागून होती आणि समोर महिपतची मोरी.

"ह्ये काय बरं नाय," कान्हा मला म्हणाला. "सकाळी डोळा उघडला की पयला देव दिसावा. मला महिपत आंघोळ करताना दिसतो."

हसत होतो आम्ही. पण एक दिवस अनिता शेतावर भाकरी घेऊन चालली होती, पोर मागं होती. बांधावर पोर बसली ती उठेना. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी हलत होती. अनितानं भाकरीची टोपली तिथंच टाकली आणि पोरीला खांद्यावर घालून आणली. सकुबाईनं मीठमिरची उतरवली. "नजर लागली. एवढी गोरी पोर, लागनारच."  त्या रात्रीपासून अनिता पोरीच्या छातीवर हात ठेवून निजायची, हे तिनंच मला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मॅडम परत आल्या, डोळे बरे झाले का बघायला. बरे झालेलेच होते. कुणी कांदा लावला नव्हता. बाया बिनघोर होत्या, कारण आता फक्त डोळ्यांची तपासणी. पोरांच्या रांगेत मध्येच गुणाबाई घुसली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात भिंतीचं एक ढेकूळ, त्यावर पोरीच्या दातांच्या खुणा.

"मॅडम, तुमी सरकारी ना?"

"हो आजी. डोळे दाखवायचेत?"

"माझं डोळं ठीक हायेत. माझी भिंत खाल्ली."

"कुणी? वाळवीनं?"

"ह्या सकीच्या नातीनं. ह्ये बगा दात. भरपाई कुठं भेटंल?"

व्हरांड्यात हशा पिकला. मॅडमही हसल्या आणि मग हसता हसता थांबल्या. "माती खाते? रोज?"

"रोज! सणालासुदीला पन."

"खोटं हाय!" सकुबाई पुढं झाली. "आमची पोर शिरा खाती, मॅडम. तुपातला."

"आत्या, गप बसा," अनिता म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "खाते, मॅडम. रोज खाते. आन दमते. परवा बांधावर पडली."

मॅडमनी प्रियांकाची पापणी ओढली. मी जवळच होते. आतून पापणी वहीच्या कागदासारखी होती. मग डब्यातलं यंत्र निघालं. बोटाला टोचलं तेव्हा पोर रडलीसुद्धा नाही, एवढी दमलेली. मॅडमनी यंत्राकडं पाहिलं, ते झटकलं, दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिलं.

"हिला आजच मुरबाडच्या दवाखान्यात न्यायचं. आमच्याच गाडीतून."

"पन मॅडम, ती गोरी हाय," सकुबाईचा आवाज बारीक झाला होता.

"ती गोरी नाही, आजी. तिच्या अंगात रक्तच राहिलं नाही."

सकुबाई खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत फिरली गो, पोर उजळली म्हनून."

पोरीबरोबर अनिताही गाडीत बसली. गाडी निघायच्या आधी मॅडमनी रांगेतल्या पोरांना विचारलं, "तुम्ही पण काही खाता का रे?" एक म्हणालं खडू. एक म्हणालं चुलीतली राख. एका पोरीनं कच्च्या तांदळांनी फुगलेला खिसा उघडून दाखवला. रक्त कमी असलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं, मॅडम म्हणाल्या. गिरजानं बायांकडं वळून कमरेवर हात ठेवले. "समद्या पोरांची बोटं टोचनार. आन आज कुनी कांदा काढला तर मी तिच्याच डोळ्यात घालीन." टोचली. निम्म्या पोरांचं रक्त कमी निघालं.

प्रियांका मुरबाडहून आली ती लोहाच्या औषधाची बाटली घेऊन. जंतांची गोळी तिथंच दिली होती. रोज सकाळी औषध द्यायचं आणि चहा आसपास फिरकू द्यायचा नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही, असं अनिताला बजावून सांगितलं होतं. अनितानं सासूला सांगितलं. पण भातकापणी सुरू झाली, अनिता पहाटे खळ्यावर जायची आणि बाटली सकुबाईच्या ताब्यात आली.

आधी एक गोंधळ झाला. पोरीची शी काळी झाली. सकुबाई तडक बोळात.

"गुणे! तुझी भिंत निघाली बग पोरीच्या पोटातून!"

"माझी भिंत तांबडी हाय," कान्हा भोकातून म्हणाला. "काळं ते आमचं नाय."

गिरजानं येऊन समजावलं की औषधानं तसं होतंच, घाबरू नका. प्रकरण मिटलं.

पण दिवाळी आली तरी पोर होती तशीच. आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी कळली गुणाबाईला, कारण भोक वाढतच होतं. ती रोज सकाळी भोकाला वीत लावायची. दुसऱ्या बाया दिवाळीत रांगोळी काढत होत्या, ही भिंत मोजत होती. शेवटी ती तणतणत सकुबाईच्या घरात गेली. मी मागोमाग.

सकुबाई चुलीपाशी होती. समोर गुळाचा कोरा चहा उकळत होता. तिनं कपात चहा ओतला आणि बाटलीतलं औषध त्यातच ओतून चमच्यानं ढवळलं.

"ह्ये काय करतीस?" गुणाबाई किंचाळली.

"औषिद देती. नुसतं पेत नाय पोर, गंजलेल्या खिळ्यावानी लागतं. च्यात कसं गपकन जातं."

"च्या नको म्हनून सांगितलं ना मॅडमनी?"

"त्या म्हनल्या आसपास नको. मी आसपास कुठं देती? औषिदातच देती. पोटात एकदाच जातं, एकदाच मोकळं."

गुणाबाईनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता सकुबाईच्या कपाळावरही मारते. "अगो सटवे, तू औषिद च्याला पाजतीस, पोरीला नाय! आन त्याची भरपाई माझ्या भितीतून व्हती!" तिनं बाटली उचलली. "भिंत माझी खाती, तं बाटली पन माझ्याच घरात ऱ्हानार."

त्या दिवसापासून सकाळी प्रियांका गुणाबाईच्या घरी जायची. चमचाभर औषध, वर परसातल्या लिंबाचं सरबत. औषध घेताना पोर तोंड वाकडं करायची, तेव्हा गुणाबाई म्हणायची, "गिळ गो बाय. माझ्या छपराचं वासं भितीवर हायेत." कान्हा खाटेवरून लक्ष ठेवायचा. मध्ये एकदा बाटली संपली आणि गिरजाकडंही शिल्लक नव्हती, तेव्हा गुणाबाई स्वतः एसटीनं टोकावड्याच्या दवाखान्यात जाऊन बसली. तिथं तिला विचारलं, तुम्ही पोरीच्या कोण? ती म्हणाली, "मी भिंतवाली."

पौष सरत आला तेव्हा एका सकाळी ती धावत माझ्याकडं आली. "वयनी, चला, चला." मला हाताला धरून तिनं बोळात नेलं आणि भोकाला वीत लावून दाखवली. "कालच्याएवढंच. परवाएवढंच. गेल्या बाजारच्या दिवसाएवढंच." तिच्या तोंडावर आनंद होता, आणि मग तो हळूहळू उतरला. "बरी हाय ना पोर? माझी भिंत अशी एकदम का टाकली?"

तेवढ्यात बोळातून प्रियांका गेली. धावत गेली. भिंतीकडं तिनं पाहिलंही नाही. चढणीवरच्या दगडापाशी ती थांबेल म्हणून आम्ही दोघी बघत राहिलो. ती थांबली नाही.

पुढं होळीआधी गुणाबाईनं माती मळली आणि भोक बुजवलं. बुजवण्याआधी महिपतनं मोरीला पोत्याचा आडोसा केला होता, तो त्यानं काढून टाकला.

आता यातली माणसं कुठं आहेत ते सांगते. कान्हा दोन पावसांआधी गेला, त्याच खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. महिपतचं मांजर तेवढं अजून आहे. मॅडमची बदली शहापूरकडं झाली. गिरजा सांगते की तिकडं त्या पापणी ओढायच्या आधी पोरांच्या डोळ्यांपाशी नाक नेऊन वास घेतात आणि तिथल्या बायांना त्याचा अर्थ लागत नाही. गिरजा आहे तीच आहे, बाटल्या कधी येतात कधी येत नाहीत, ती मात्र येते. अनिता आता दर महिन्याला पोरीला घेऊन एकटी मुरबाडला जाऊन येते, कुणाला विचारत नाही. सकुबाईचा चहा सुटला नाही, पण नातीचा कप तिनं फळीवर पालथा घालून ठेवला आहे. आणि आल्यागेल्याला ती सांगते, "आमची पोर कशी गोरीपान व्हती. त्या औषिदानं काळी केली बगा."

गुणाबाईला घरकुल मिळालं. तीन भिंती सिमेंटच्या झाल्या, बोळाकडची चौथी तिनं पाडू दिली नाही. इंजिनियर पोरगा म्हणाला, "आजी, नियमात बसत नाही." ही म्हणाली, "मंग नियम बोळात उबा कर."

प्रियांका आता सहावीत आहे, टोकावड्याच्या शाळेत खो-खो खेळते. गेल्या दिवाळीआधी ती गुणाबाईच्या मदतीला आली. ढोपरापर्यंत चिखल तुडवला, भिंत लिंपली, आणि जिथं भोक होतं तिथं हात फिरवताना तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं बोटावरची चिमूटभर माती जिभेला लावली. आम्ही दोघी श्वास धरून बसलो.

"थू थू थू!" पोरगी ओरडली. "कशी गो खायचे मी ही? नुसती माती लागते."

गुणाबाईचे डोळे भरून आले. मग ती ताडकन उठली.

"नुसती माती? चार दिस भिजवलेली हाय ती! सके! ए सके! भाइर ये. तुझी नात माझ्या भितीवर थुकली!"